नळापासून ओठांपर्यंत

त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक शहरात शिरण्यापूर्वी गंगापूरच्या धरणात अडवली जाते. १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या या मातीच्या धरणातील पाणी बारा बंगला, शिवाजीनगर, पंचवटी अशा जलशुद्धीकरण केंद्रांत येते. तेथे तुरटी घालून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन मिसळून ते शहरात सोडतात. शाळेची सहल अशा केंद्रावर गेली की मुले पाण्याचा हा प्रवास वहीत उतरवून घेतात, आणि तो नळापाशी येऊन संपतो. पाठ्यपुस्तकातील आकृतीही तिथेच संपते.

मुलाच्या पोटात जाणारे पाणी मात्र नळातून थेट येत नाही. ते आधी हंड्यात, पिंपात किंवा माठात जाते, तेथून पेल्यात आणि मग तोंडात. हे अंतर फार तर दहा-पंधरा फुटांचे असेल. पण आकृतीत नसलेल्या या शेवटच्या टप्प्यावर महापालिकेचा अभियंता नसतो, प्रयोगशाळा नसते. तो टप्पा आई, वडील, आजी आणि मोठी भावंडे यांच्या हाती असतो. पाण्यातून पसरणाऱ्या रोगांपासून लहान मुलांचे रक्षण करायचे, तर या मंडळींना काय शिकवावे आणि कसे शिकवावे, हा या लेखाचा विषय आहे. 'कसे' हा प्रश्न 'काय' पेक्षा अवघड आहे.

वाटेत काय घडते?

नाशिकमध्ये, आपल्या बहुतेक शहरांप्रमाणे, नळाला चोवीस तास पाणी नसते. पाणी बंद झाले की जमिनीखालच्या नळांतील दाब उतरतो. नळाला एखाद्या सांध्याशी बारीक भेग असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर दाब असताना पाणी बाहेर झिरपते आणि दाब उतरला की गटारातील पाणी आत ओढले जाते. म्हणून पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी धुण्याभांड्यांसाठी वापरावे, पिण्यासाठी भरू नये. पुष्कळ घरांत बायका हे आपणहून करतात. कारण विचारले तर "आधी गढूळ येतं" असे सांगतात. हे निरीक्षण अचूक आहे. त्यात एवढीच भर घालायला हवी की जंतूंनी भरलेले पाणी गढूळ दिसेलच असे नाही.

पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत चित्र निराळे आहे. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण काळ्या खडकाचे डोंगर ते पाणी धरून ठेवत नाहीत. होळीनंतर विहिरी तळाला जातात. मग ओढ्याच्या पात्रात झिरे खणून, वाटीवाटीने पाणी हंड्यात भरावे लागते, किंवा टँकरची वाट पाहावी लागते. टँकर पुष्कळदा गावच्या विहिरीतच रिकामा केला जातो आणि तेथून प्रत्येक जण आपापल्या दोराने, आपापल्या बादलीने पाणी शेंदतो. टँकरमधील पाण्यात क्लोरीन असले, तरी विहिरीच्या तळातील गाळ आणि वीस-पंचवीस बादल्यांची बुडे त्याचा निकाल लावतात. हीच कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला येतात, तेव्हा लहान मुलेही बरोबर असतात आणि जिथे काम तिथले पाणी ती पितात.

यापुढचा टप्पा शहरात आणि पाड्यावर सारखाच. हंडा घरात येतो, त्यावर झाकण असते किंवा नसते. तहानलेले मूल धावत येते, पेला माठात बुडवते आणि पेल्याबरोबर त्याची चार बोटेही बुडतात. ती बोटे थोड्याच वेळापूर्वी कुठे होती, हे सांगायला नको. २००४ साली जिम राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसनशील देशांतील सत्तावन्न अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. उगमापाशी पाणी कसे होते आणि घरातील भांड्यात कसे होते, याची तुलना त्यात होती. निष्कर्ष असा, की निम्म्याच्या आसपास अभ्यासांत घरी आल्यावर पाण्यातील विष्ठाजन्य जंतू लक्षणीय वाढलेले आढळले. आणि उगमाचे पाणी जितके स्वच्छ, तितका हा फरक ठळक होता.

आपल्याकडे यावर एक जुना, स्वस्त उपाय आहे, तो म्हणजे ओगराळे. लांब दांड्याचे हे ओगराळे माठाशेजारी खुंटीला टांगलेले असावे आणि पाण्याला फक्त त्याचाच स्पर्श व्हावा. तोटीचा माठ असेल तर त्याहून उत्तम. मात्र ओगराळे तीन वर्षांच्या मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर टांगलेले असले, तर मुले त्याच्याशी खेळतात आणि आपण होतो तिथेच परत येतो.

लहान बाळाच्या विष्ठेविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. "तान्ह्या बाळाची शी, तिचं काय एवढं!" असे शिकलेल्या घरांतही ऐकू येते. या संदर्भात लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटची हकिकत शिक्षकांना ठाऊक असते, पण अर्धीच. १८५४ मध्ये तेथे पटकीची साथ आली, डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंचा नकाशा काढून सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवले आणि पंपाचा दांडा काढला गेला, इथपर्यंत आपण सांगतो. पंपाच्या विहिरीत जंतू आले कुठून, हे त्यानंतर हेन्री व्हाइटहेड या धर्मोपदेशकाने शोधून काढले. पंपासमोरच्याच घरात काही महिन्यांची एक मुलगी जुलाबाने आजारी होती. तिची दुपटी धुतलेले पाणी आई घराच्या पुढील मैलखड्ड्यात ओतत असे. त्या खड्ड्याच्या विटा खिळखिळ्या झालेल्या होत्या आणि विहीर तेथून एक मीटरदेखील दूर नव्हती. त्या साथीत सहाशेहून अधिक माणसे मेली. बाळाची शी संडासात टाकायची, दुपटी विहिरीच्या वा हातपंपाच्या ओट्यावर धुवायची नाहीत, या दोन सूचनांमागे एवढा इतिहास आहे.

एक लिटर पाण्याचा हिशेब

पाणी तेच असले तरी मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाला धोका जास्त का, हे एका सोप्या गणितातून दाखवता येते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातून जुलाबावाटे एक लिटर पाणी गेले, तर त्याचे वजन दोन टक्क्यांहून कमी घटते. तो थकतो, पण उठून बसतो. दहा किलो वजनाच्या, म्हणजे साधारण वर्षभराच्या मुलाचे तेवढेच पाणी गेले, तर वजनाचा दहावा हिस्सा गेला. ही तीव्र शुष्कता होय. डोळे खोल जातात, रडताना अश्रू येत नाहीत, लघवी होत नाही, पोटाच्या कातडीचा चिमटा सोडला तर घडी हळूहळू विरते, मूल मलूल पडते. येथून पुढे अवधी फार थोडा असतो.

आणि नेमक्या अशा वेळी पुष्कळ घरांत पाणी बंद केले जाते! "पाणी दिलं की लगेच बाहेर पडतं, म्हणजे पाण्यानंच जुलाब वाढतात," असा यामागचा तर्क आहे. तो मूर्खपणाचा नाही. नुसते पाणी दिले तर ते आतड्यात पुरेसे शोषले जात नाही, हे खरेच आहे. शोषणाची गुरुकिल्ली साखर आणि मीठ यांच्या जोडीत आहे. लहान आतड्याच्या पेशींच्या पृष्ठभागावर काही वाहक प्रथिने असतात. ती ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन बरोबरच आत घेतात, एकट्याला घेत नाहीत. ही जोडी आत गेली की तिच्यामागोमाग पाणीही आत ओढले जाते. पटकीसारख्या रोगात आतड्यातून पाणी भराभर बाहेर पडत असतानाही हा दरवाजा शाबूत राहतो. जलसंजीवनीचे सारे रहस्य ते एवढेच.

१९७१ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिंपांत तयार केले आणि ते रुग्णांना पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. येथे उपचार करणारे हात आईबापांचे होते. निरक्षर, घाबरलेल्या, चिखलात बसलेल्या माणसांनी ते काम नीट केले, ही बाब मला त्या द्रावणाइतकीच महत्त्वाची वाटते.

आज आशा कार्यकर्तीकडे आणि अंगणवाडीत ओआरएसची पुडी मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्या, म्हणजे बहुधा एक लिटर पाण्यात, संपूर्ण पुडी एकदम विरघळवायची आणि चोवीस तासांनी उरलेले द्रावण टाकून द्यायचे. पुडीतील चिमूटभर पूड पेल्यात घालून बाकीची जपून ठेवणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्याने प्रमाण बिघडते. पुडी नसेल तर एक लिटर पिण्यायोग्य पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. येथे 'सपाट' हा शब्द जपावा. साखर वाढली तर परासरणाने उलट आतड्यात पाणी ओढले जाऊन जुलाब वाढतात, आणि जादा मीठ लहान मुलाला घातक ठरते. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, चमच्या-चमच्याने. मोठ्या मुलाला अर्धा ते एक पेला. अंगावरचे दूध आणि जेवण चालूच ठेवायचे. सोबत चौदा दिवस झिंकची गोळी. ती किती द्यायची ते आशाताई सांगतात. शौचात रक्त दिसले, मूल पीत नसेल किंवा मलूल झाले, तर घरच्या उपायांवर न थांबता दवाखाना गाठायचा. दुकानात ओआरएस या नावाने मिळणाऱ्या गोड पेयांपासून सावध राहावे. प्रमाणित सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर हे नाव छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे.

माहिती पोचली नाही असे म्हणता येणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, जुलाब झालेल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी ६०.६ टक्के मुलांना ओआरएस मिळाल्याचे दिसले. पण भिंतीवर घोषणा रंगवणे चार दशकांहून अधिक काळ चालू असताना उरलेल्या चाळीस टक्क्यांचे काय, हा प्रश्न शिक्षकाला पडायला हवा.

शिकवले कसे गेले?

दोन उदाहरणे सांगतो. पहिले आपल्याकडचे, नारूचे. पन्नाशीच्या पुढील शिक्षकांना ते आठवत असेल. पायातून हात-दीड हात लांबीचा पांढरा दोरा निघावा तसा हा कृमी निघे. रुग्ण पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की त्याच्या फोडातून अळ्या पाण्यात सुटत, सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जलचर त्या गिळी आणि तो सायक्लॉप्स पाण्यावाटे दुसऱ्याच्या पोटात जाई. १९८४ मध्ये देशात नारूचे सुमारे चाळीस हजार रुग्ण होते आणि बाधित राज्यांत महाराष्ट्रही होता. या रोगावर लस नव्हती, तो बरा करणारे औषधही नव्हते. जे होते ते असे: पायऱ्यांच्या विहिरी बुजवणे किंवा बदलणे, हातपंप बसवणे, पाण्यात सायक्लॉप्सनाशक टाकणे, आणि घरोघरी पाणी दुहेरी कापडातून गाळायला शिकवणे. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

नारूच्या बाबतीत शिकवणे सोपे गेले, याचे एक कारण असे की शत्रू डोळ्यांना दिसत होता. पायातून निघणारा कृमी दाखवून "हा पाण्यातून येतो" म्हटले की पटे. सायक्लॉप्सही भिंगातून दाखवता येई. जुलाबाचे जंतू असे दिसत नाहीत आणि गाळण्याच्या कापडात अडकतही नाहीत. अर्थात कापडाची अवहेलना करू नये. रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी बांगलादेशात केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जुन्या सुती साडीची चौपदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळणाऱ्या घरांत पटकी जवळजवळ निम्म्याने घटली, कारण पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात. विषाणूंना मात्र साडी अडवू शकत नाही.

दुसरे उदाहरणही बांगलादेशातले आहे. तेथील ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या काळात सुमारे एक कोटी वीस लाख घरांत जाऊन आयांना मीठ-गुळाचे पाणी करायला शिकवले. शिकवणाऱ्या बाया गावोगाव फिरत. त्यांचा मोबदला किती घरे झाली यावर ठरत नसे. काही आठवड्यांनी दुसरीच व्यक्ती त्यांतील निवडक घरी जाई, आईला प्रश्न विचारी आणि पाणी करून दाखवायला सांगे. आईला किती आठवते आणि किती जमते, यावर शिकवणारीचे पैसे ठरत. आपल्याकडे शिक्षकांच्या वेतनाला हे सूत्र लावावे असे मी सुचवत नाही! पण परीक्षा शिकणाऱ्याची नसून शिकवणाऱ्याची असते, हे तत्त्व पालकसभेला लावून पाहण्यासारखे आहे.

इतके करूनही सुरुवातीला एक अनपेक्षित गोष्ट दिसली. आयांना सारे पाठ होते, पण प्रत्यक्ष जुलाब झाल्यावर त्यांतील फार थोड्याच ते वापरत होत्या. शोध घेतल्यावर दोन कारणे सापडली. एक म्हणजे शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतः आजारी पडल्या की त्या गोळ्या घेत, आणि हे आयांना कळत असे. दुसरे म्हणजे घरातील पुरुषांना यातले काहीच सांगितलेले नव्हते. मूल आजारी पडले की कुठे न्यायचे, कशावर पैसे खर्च करायचे, हे तेच ठरवत. मग बाजारात, मशिदींत, शाळांत पुरुषांच्या बैठका घेतल्या गेल्या आणि वापर वाढला. आपल्या पालकसभांना बहुधा आयाच येतात. पाण्याचा विषय असेल तर वडिलांना आणि शक्य असेल तर आजीलाही बोलावणे धाडावे.

आजीचा उल्लेख मुद्दाम केला. सहा महिन्यांपर्यंत बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते आणि नाशिकच्या उन्हाळ्यालाही ते पुरते. तरीही सहाणेवर उगाळलेली गुटी, बोंडल्याने पाजलेले पाणी, रामकुंडावरून आणलेले पळीभर तीर्थ बाळाच्या तोंडात जाते, ते बहुतेक वेळा आजीच्या हातून आणि मायेपोटी. पंचवटीत गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि ज्या कुंडात रोज शेकडो माणसे स्नान करतात, सिंहस्थात तर लाखो, त्यातील पाणी बाळाला पाजणे धोक्याचे आहे, हे सांगायलाच हवे. पण श्रद्धेची टवाळी करून सांगितलेले कोणी ऐकत नाही. तीर्थ बाळाच्या कपाळाला लावावे, ओठांना नको, असे म्हटले तर आजीचाही मान राहतो. असा मधला मार्ग काढण्यात विज्ञानाची काही हानी होते असे मला वाटत नाही.

वर्गात आणि पालकसभेत

न दिसणारी गोष्ट दाखवणे हे शिक्षकाचे रोजचे काम आहे. येथे ते दोन साध्या प्रयोगांनी साधते.

पहिल्या प्रयोगाला फक्त हळद आणि साबणाची वडी लागते. हळद पाण्यात पातळ कालवून ती मुलांच्या, आणि सभेत पालकांच्याही, दोन्ही हातांना बोटांच्या बेचक्यांसह सर्वत्र लावावी व वाळू द्यावी. मग नेहमीसारखे साबणाने हात चोळायला सांगावे आणि पाणी ओतण्यापूर्वी हात सर्वांना दाखवावेत. साबण अल्कधर्मी असल्याने तो जिथे लागला तिथे हळद तांबडी झालेली असते. पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो ना, तसेच. तळवे लालभडक असतात. अंगठ्याची मागची बाजू, बेचके, नखांच्या कडा पिवळ्याच राहतात. यानंतर हात कसे धुवावेत यावर भाषण द्यावे लागत नाही. हात धुण्याचा पाण्याच्या लेखात काय संबंध, असे वाटेल. २००५ मध्ये कराचीच्या वस्त्यांतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साबण पुरवून हात धुण्याचा आग्रह धरलेल्या घरांत पंधरा वर्षांखालील मुलांचे जुलाब निम्म्याहून कमी झाले होते. माठात बुडणारी बोटे आठवली की यात आश्चर्य वाटत नाही.

दुसरा प्रयोग काळ्या बाटलीचा. ही चाचणी १९८२ मध्ये मांजा, मौर्य आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. लहान निर्जंतुक बाटलीत रसायनांत भिजवून वाळवलेली कागदाची घडी असते. त्यात पेप्टोन, सोडियम थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार असतो. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती दोन दिवस उबदार जागी ठेवतात. आतड्यात राहणाऱ्या जीवाणूंपैकी अनेक जण थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, तो लोहाशी संयोग पावतो आणि पाणी काळे होते. अशा बाटल्या पाणी तपासणीच्या संचात असतात. जलजीवन मोहिमेत प्रत्येक गावातील पाच महिलांना असे संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्यापैकी कोणी शाळेत आले तर उत्तमच.

एकाच घरातील तीन नमुने घ्यावेत: नळाचा, माठातील आणि मुलाच्या पेल्यातील. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून त्या वर्गाच्या खिडकीत ठेवाव्यात. नळाची बाटली तशीच राहिली आणि पेल्याची काळी झाली, तर ती बाटली कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त बोलते. घराचे नाव मात्र जाहीर करू नये. "अमक्यांच्या घरचं पाणी काळं निघालं" एवढ्यावर सभा मोडते. चाचणीच्या मर्यादाही सांगाव्यात. बाटली काळी झाली नाही म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही, विषाणू तिला कळत नाहीत. काही भूजलात मुळातच सल्फाइड असते, तेथे ती उगाच काळी होते. वापरलेल्या बाटलीत ब्लीचिंग पावडरचे दाट द्रावण ओतून, काही वेळ ठेवून मगच ती टाकावी.

वरच्या वर्गांना विहिरीचे गणित द्यावे. विहिरीचा व्यास चार मीटर आणि पाण्याची खोली तीन मीटर असेल, तर पाणी साधारण ३७,७०० लिटर होते. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर या नेहमीच्या प्रमाणाने सुमारे ९४ ग्रॅम पावडर लागेल. हे गणित वर्गात बरोबर येते आणि विहिरीवर चुकते, कारण ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, पण ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडे पडलेल्या पोत्यात तो दिवसेंदिवस उडून जातो. शिवाय गढूळ पाणी पुष्कळसा क्लोरीन स्वतःच खाऊन टाकते. म्हणून पावडर टाकल्यावर अर्ध्या तासाने पाण्यात क्लोरीन उरला आहे का, हे पाहावेच लागते. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा. जलसुरक्षक यासाठी ओटी चाचणी करतो. पाण्याला पिवळी छटा आली की क्लोरीन आहे. ओटीचे द्रावण घातक असल्याने ते मुलांच्या हाती देऊ नये, लांबून पाहू द्यावे. नळाच्या पाण्याला येणाऱ्या 'औषधाच्या वासा'ची तक्रार पालक करतात, तेव्हा हे सारे सांगायची संधी असते.

घरी पाणी उकळावे, ही सूचना आपण सहज देतो. एक मिनिट खळखळून उकळले की जंतू मरतात, हे खरे. गॅसची शेगडी असलेल्या घरात ते जमते. पण चुलीवर एक लिटर पाणी उकळायला साधारण किलोभर लाकूड लागते. सुरगाण्याच्या पाड्यावरील बाईला दिवसाला वीस लिटर पाणी उकळायला सांगणे म्हणजे डोक्यावर आणखी एक मोळी देणे. तिला क्लोरीनचे थेंब सुचवावेत. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात थेंब टाकून, ढवळून, अर्धा तास थांबायचे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यायचे. नुसती तुरटी पुरत नाही. उन्हाळ्यात पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत निवळ पाणी भरून सहा तास कडक उन्हात ठेवले तरी चालते, पण साथी येतात त्या पावसाळ्यात हा उपाय नेमका निरुपयोगी. आणि शेतातील खतांमुळे विहिरीत उतरलेले नायट्रेट उकळून जात नाही; पाणी आटते तसे ते उलट दाट होते. तेथे उगमच बदलावा लागतो. रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या जुलाबांवर तर तोंडावाटे द्यायची लस आहे. ती २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने देशभरच्या शासकीय लसीकरणात आली. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत ती चुकवू नये, हेही त्याच सभेत सांगावे.

पालकांच्या हातापलीकडचे

पालकांना शिकवण्याचा एक धोका आहे. मूल आजारी पडले की "तुम्ही पाणी उकळलं नाही" असे म्हणून पाणी पुरवणारे मोकळे होतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे या मज्जाविकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशय पाण्यावर गेला. २०१२ मध्ये इचलकरंजीत हजारो लोकांना झालेली कावीळ हिपॅटायटिस-ई विषाणूची होती, आणि तीही पाण्यातूनच आली. अशा वेळी ओगराळे आणि झाकण पुरे पडत नाही. नारूच्या वेळीही गाळण्याच्या जोडीला विहिरी बदलाव्या लागल्याच होत्या.

म्हणून पालकांना शिकवण्यात विचारायला शिकवणेही आले. महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर होते. धोका कमी असेल तर ग्रामपंचायतीला हिरवे कार्ड मिळते, मध्यम असेल तर पिवळे, जास्त असेल तर लाल. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राखणाऱ्या आणि साथ न आलेल्या गावाला चंदेरी कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, ओटी चाचणीची नोंदवही कोणाकडे असते, गेल्या आठवड्यात तिच्यात काय लिहिले आहे, हे ग्रामसभेत कोणीही विचारू शकतो. सातवी-आठवीच्या मुलांनी ही माहिती जमवून आणली, तर तो चांगला प्रकल्प होतो. बरोबर एखादा पालक गेला तर नोंदवही लवकर सापडते.

शाळेची स्वतःची टाकीही या चौकशीतून सुटू नये. टाकी शेवटची कधी धुतली, ती तारीख टाकीवरच तेलरंगाने लिहिण्याची पद्धत आहे. पुष्कळ शाळांत ती जागा कोरी असते, किंवा तेथे मागच्या मुख्याध्यापकांच्या काळातील तारीख असते. पालकसभेची सुरुवात ती तारीख सर्वांसमक्ष बदलून करता येईल. ब्रश आणि रंगाचा डबा तेवढा आधी आणून ठेवावा.